कुहीचे न्यायालय : सात ओळींवरील भाष्य

विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळात. ते भाष्य आजही कुहीच्या न्यायालयात कामाला येते. भावाभावांत किंवा बहीणभावांत वाटणीचा दावा उभा राहिला, की वडिलोपार्जित मिळकत कशाला म्हणायचे आणि तिच्यात जन्माने हिस्सा कोणाला, या प्रश्नाचा धागा थेट त्या ग्रंथापर्यंत जातो. वाटेत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो, मुलींना हिस्सा देणारी महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती लागते, संपूर्ण देशासाठी तेच करणारी २००५ ची दुरुस्ती लागते. तरी मुळाशी भाष्यच आहे. म्हणून न्यायालयाविषयी लिहिताना मी भाष्याचीच रीत घेतो : आधी ओळ, मग तिचे विवरण.

ओळी कायद्यातून घेतल्या आहेत. पहिल्या चार आणि शेवटची १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियमातल्या, ज्याचे नाव आता महाराष्ट्र दिवाणी न्यायालये अधिनियम असे झाले आहे. पाचवी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली, सहावी संविधानातली. अधिकृत शब्दरचना मी उतरवलेली नाही. प्रत्येक कलमाचा आशय माझ्या मराठीत मांडला आहे, आणि या ओळी जिथे माणसांना भेटतात ते ठिकाण म्हणून नागपूर जिल्ह्यातले कुही समोर ठेवले आहे. तिथे बसणाऱ्या अधिकाऱ्याचे पूर्ण पदनाम दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, तथा न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग. एक माणूस, दोन खुर्च्या. हा ‘तथा’ पुढे पाचव्या ओळीत लागेल.

ओळ पहिली. जिल्हा न्यायालयाच्या हाताखाली, शासन ठरवील तितकी दिवाणी न्यायालये असतील. (कलम २१)

‘हाताखाली’ हा या ओळीतला वजनदार शब्द. संविधानाच्या सहाव्या भागात या न्यायालयांचे जे प्रकरण आहे त्याचे शीर्षकही ‘दुय्यम न्यायालये’ असेच आहे. बोलताना आपण आणखी एक पायरी खाली उतरतो आणि ‘खालचे कोर्ट’ म्हणतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने आपल्याच निबंधक कार्यालयाला सांगितले, की ज्या न्यायालयात खटला चालतो त्याला खालचे न्यायालय म्हणू नका, त्याच्या अभिलेखालाही तसे नाव देऊ नका. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा प्रश्न वाटेल. माझ्या मते तो अर्थाचा प्रश्न आहे. ‘दुय्यम’ हे नाते अपिलापुरते आणि देखरेखीपुरते. समोर चाललेल्या दाव्यात कोणता निकाल द्यावा हे कुहीच्या न्यायाधीशाला नागपूरचे जिल्हा न्यायाधीश सांगू शकत नाहीत. निकाल लागल्यावर तो फिरवू शकतात. आधी सांगणे आणि नंतर फिरवणे यांतल्या अंतरावरच न्यायालयाचे स्वातंत्र्य उभे आहे. तहसीलदाराला जिल्हाधिकारी सकाळी फोन करून एखादे काम आजच्या आज करायला सांगू शकतो. न्यायदानाच्या कामात ती सोय मुद्दाम ठेवलेली नाही.

उतरंडीची कल्पना इंग्रजांनी आणली असे मानण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत कुल, श्रेणी, पूग आणि राजाने नेमलेले अधिकारी अशी चढती रचना आहे, आणि एका पायरीवरचा निर्णय मान्य नसेल तर वरच्या पायरीकडे जाता येते हे विज्ञानेश्वराने स्पष्ट केले आहे. इंग्रजी अमलाचा फरक असा, की कुल आणि श्रेणी गळाल्या आणि साऱ्या पायऱ्या सरकारने नेमलेल्या झाल्या. आपल्या भागात त्या पायऱ्यांचे माथेही बदलत गेले. मध्यप्रांताचे न्यायिक आयुक्तांचे न्यायालय, १९३६ पासून नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालय आणि १ मे १९६० पासून त्याचे नागपूर खंडपीठ. माथा तीन वेळा पालटला. पायथ्याशी वाटणीचा, ताब्याचा, धुऱ्याचा म्हणजे शेतांच्या हद्दीचा दावा तसाच चालत राहिला.

ओळ दुसरी. या न्यायालयांच्या हद्दी शासन आखील, आणि शासन नेमील त्या ठिकाणी ती भरतील. (कलमे २२ आणि २३)

कुही पूर्वी उमरेड तहसिलीत होते. तहसील वेगळी झाली म्हणून न्यायालय आपोआप येत नाही. त्यासाठी पद मंजूर व्हावे लागते, इमारत लागते, नाझर, लिपिक, लघुलेखक, बेलीफ, शिपाई लागतात. ओळीत हे काही नाही, पण ओळ खरी होते ती याच्याने. आणि हद्द ही नकाशावरची रेघ असली तरी पक्षकाराला ती एसटीच्या तिकिटात मोजावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सोळाव्या कलमाप्रमाणे स्थावर मिळकतीचा दावा जिथे मिळकत आहे तिथेच लावायचा असतो. जमीन उठून कोर्टात येत नाही, कोर्टालाच जमिनीजवळ जावे लागते, असा त्याचा सरळ अर्थ.

वेलतूर, मांढळ, पचखेडी, आंभोरा या गावांतून कुहीला पेशीला येणे आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या नागपूरला जाणे यांत काय फरक पडतो? एका माणसाच्या रोजीचा. साक्षीदार दोन असले तर तिघांच्या रोजीचा. पेशी पुढे ढकलली की तोच खर्च पुन्हा. शेजारच्या गावात न्यायालय असेल तर साक्षीदार येतो. दूर असेल तर ‘पुढच्या खेपेला येतो’ म्हणतो आणि त्याच्या नावाचे समन्स फाइलीत पडून राहते. ठिकाण नेमण्याचा हा अधिकार म्हणजे पुरावा समोर येईल की नाही हे ठरवण्याचाही अधिकार आहे, हे शासनाने ध्यानात घ्यावे.

मांढळचे नाव आले म्हणून थोडे थांबतो. याच मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीची ती जमिनीची कागदपत्रे : कोणी कोणाला कोणते गाव दिले, कोणत्या करांतून सूट दिली, राजाच्या माणसांनी तिथे काय करू नये. आज सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्या गोष्टींसाठी माणसे भांडतात त्याच गोष्टी तांब्यावर कोरल्या होत्या. या मातीला जमिनीच्या कागदाची सवय जुनी आहे.

ओळ तिसरी. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाची सत्ता पाच लाख रुपयांपर्यंतच्या मूळ दिवाणी दाव्यांवर चालेल. वरिष्ठ स्तराला रकमेची मर्यादा नाही. (कलम २४)

१८६९ च्या मूळ मजकुरात कनिष्ठ स्तराच्या जागी दुसऱ्या वर्गाचा दुय्यम न्यायाधीश होता आणि त्याची मर्यादा पाच हजार रुपये होती. दीडशे वर्षांत पाच हजारांचे पाच लाख झाले.

शंका : पाच लाखांत आज एक एकर शेतही येत नाही, मग या न्यायालयाकडे शेताचे दावे उरतात कसे? शंका रास्त आहे, उत्तर मूल्यांकनाच्या नियमात आहे. शेतजमिनीच्या दाव्याची किंमत न्यायालय-शुल्काच्या आणि अधिकारक्षेत्राच्या कामासाठी बाजारभावाने धरत नाहीत. शेतसाऱ्याच्या ठरावीक पटीत धरतात. शेतसारा इतका नाममात्र आहे की कोट्यवधींच्या जमिनीचा वाद कागदावर काही हजारांचा होतो आणि कुहीच्या न्यायालयात सहज बसतो. एखादा वकील दाव्याच्या शेवटच्या परिच्छेदात ‘मूल्यांकन’ या शब्दाखाली जो आकडा घालतो तो वाचून बाहेरच्याला आश्चर्य वाटेल. आतल्याला वाटत नाही. ही सोय चांगली की वाईट? मला ती चांगली वाटते. शेतकऱ्याचा वाद त्याच्या तालुक्यात राहतो आणि न्यायालयाचे शुल्क त्याच्या आवाक्यात. पण तिची दुसरी बाजूही मान्य करायला हवी : नोकरीत नवीन आलेला, वयाने तिशीही न गाठलेला न्यायाधीश एका कुटुंबाच्या साऱ्या जिंदगीचा निकाल देतो, आणि पदनामातला ‘कनिष्ठ’ हा शब्द त्या कामाचे ओझे दाखवत नाही.

हे ओझे कसले, ते जवळून पाहू. समजा दोन शेजाऱ्यांचा धुऱ्यावरून वाद आहे. एकाने नांगरताना दोन तासे पलीकडे नेली असे दुसरा म्हणतो. दावा दाखल होतो. दाव्याला निशाणी १ पडते, तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला निशाणी ५. महाराष्ट्रातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात ‘निशाणी पाच’ म्हटले की वकिलाला, कारकुनाला, पक्षकारालाही काय ते कळते. अर्जाचे नावच तो आकडा होऊन बसला आहे. त्या अर्जावर न्यायाधीशाने तीन गोष्टी पाहायच्या : प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, सोय-गैरसोयीचा तोल कोणाकडे झुकतो, आणि मनाई न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का. हे सारे साक्षीशिवाय, शपथपत्रांवर आणि कागदांवर. अर्ज जूनमध्ये आला आणि पेरणी तोंडावर असेल, तर निशाणी पाचवरचा हुकूम हाच शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या वर्षाचा निकाल. पुढे दावा आठ वर्षे चालला तरी कोणी पेरायचे हे त्या एका पानाने ठरलेले असते.

मग मुद्दे निघतात. मोजणीसाठी भूमी अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्याला आयुक्त नेमतात. तो शेतात येऊन खुणा धरतो, नकाशा काढतो, अहवाल देतो. तो अहवाल ज्याला मानवत नाही तो आक्षेप घेतो, आयुक्ताचा उलटतपास होतो. हे सारे रोजनाम्यात नोंदले जाते. रोजनामा ही न्यायालयाची स्वतःची दैनंदिनी : आज कोण हजर, कोण गैरहजर, काय झाले, पुढची तारीख कोणती. पक्षकाराला दोन ओळींची ही नोंद क्षुल्लक वाटते. वाद वर गेला की वरचे न्यायालय आधी तीच उघडते.

या ओळीवर आणखी एक मर्यादा आहे, ती कलम २४ मध्ये सापडत नाही. वाटणीचा दावा कुहीत जिंकला, हिस्से ठरले, हुकूमनामा झाला. पण शेतसारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडून व्हायची असते. न्यायालय ‘एक चतुर्थांश’ म्हणते, तो चतुर्थांश विहिरीकडचा की रस्त्याकडचा हे महसूल खाते मांडते. कूळ आहे की नाही असा प्रश्न दाव्यात निघाला तर विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याखाली तोही तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. वाट अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालये अधिनियम तहसीलदारालाच न्यायालय मानतो, मात्र सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे. ताब्यावरून शांतता बिघडण्याची भीती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे पुन्हा तहसीलदार. एकाच पांदण रस्त्याच्या तक्रारीला चार दारे, आणि कोणते दार कोणत्या तक्रारीचे हे सांगणारी पाटी कुठेच नाही. चुकीच्या दारात घालवलेली वर्षे कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

ओळ चौथी. शासन किंवा शासनाचा अधिकारी त्या नात्याने पक्षकार असेल असा दावा कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाने नोंदवू नये. वादीला वरच्या न्यायालयाकडे पाठवावे. (कलम ३२)

सात ओळींपैकी या ओळीपाशी मी सर्वांत जास्त अडखळतो.

१८६९ साली ही ओळ का आली ते समजू शकते. सरकार परके होते, दुय्यम न्यायाधीश एतद्देशीय होते, आणि सरकारला खेड्यातल्या न्यायाधीशासमोर उभे राहायचे नव्हते. नंतर त्या तर्काला दुसरे कपडे चढले : शासनाविरुद्धचे दावे गुंतागुंतीचे असतात, त्यांचे परिणाम दूरवर जातात, अनुभवी न्यायाधीशाने ते पाहावेत. हा पूर्वपक्ष मी हलका मानत नाही. शासनाचा वकील जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, कागद तिथे असतात, हेही खरे.

पण कुहीत उभे राहून ही ओळ वाचा. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी केले. धरणाची भिंत भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात, आणि पाणी मागे सरत सरत कुही तालुक्यातल्या वैनगंगाकाठच्या गावांत. शेते गेली, घरे गेली, गावे उठून नव्या वस्त्यांत गेली. या तालुक्याच्या आठवणीतला हा सर्वांत मोठा दिवाणी प्रश्न : जमिनीचे मोल काय? आणि तो प्रश्न कुहीच्या दिवाणी न्यायालयापुढे येऊच शकत नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात वाढीव मोबदल्याचे प्रकरण कलम १८ खाली जात असे ते जिल्ह्याच्या मुख्य मूळ दिवाणी न्यायालयाकडे किंवा त्या कामी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे नागपूरला. २०१३ च्या नव्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आणले, तेही नागपूरलाच. वीज खात्याचा खांब, पाटबंधारे खात्याचा कालवा, वन खात्याची हद्द हे वाद कलम ३२ मध्ये नेमके कुठे बसतात हे त्या त्या वेळी पक्षकार कोण यावर ठरते. शासन स्वतः समोर असले की कनिष्ठ स्तराचे दार बंद. त्याआधी दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, ती वेगळी.

म्हणजे शेजाऱ्याने दोन तासे नांगरली तर न्याय तालुक्यात मिळतो. शासनाने सारे शेत घेतले तर जिल्ह्याला जावे लागते. ज्याच्याविरुद्ध भांडायला सर्वांत जास्त बळ लागते त्याच्यासाठीच अंतर वाढवून ठेवले आहे. ज्या शेतमालकाने आपल्या ओलिताच्या शेताला कोरडवाहूचा भाव लागला म्हणून प्रकरण नेले, त्याला विहीर होती हे सांगणारा साक्षीदार गावातला, पाण्याखाली गेलेली विहीर गावातली, पिकाची नोंद करणारा तलाठी गावचा. न्यायाधीश तेवढा चाळीस किलोमीटर दूर. दुसऱ्या ओळीत साक्षीदाराच्या रोजीचे जे म्हटले ते इथे आठवावे.

ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत ‘शासन’ नव्हे, म्हणून त्यांच्याविरुद्धचे घरपट्टीचे, अतिक्रमणाचे, रस्त्याचे दावे कनिष्ठ स्तराकडे चालतात. तिथे या न्यायाधीशाच्या कुवतीवर कोणी शंका घेत नाही. सार्वजनिक संस्थेविरुद्ध मनाईहुकूम देण्याइतका तो समर्थ असेल, तर शासनाच्या एखाद्या उपविभागीय कार्यालयाविरुद्ध असमर्थ का, याचे समाधानकारक उत्तर मला या कलमात मिळालेले नाही. रकमेची मर्यादा ठेवा, महत्त्वाचे दावे वर काढून घेण्याचा अधिकार दिवाणी संहितेच्या चोविसाव्या कलमात आहेच. सरसकट बंदीची गरज उरलेली नाही, असे माझे मत आहे.

ओळ पाचवी. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतचा कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा सामुदायिक सेवा अशी शिक्षा देता येईल. (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २३)

इथे ‘तथा’च्या पलीकडची खुर्ची सुरू होते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या १९७३ च्या संहितेत दंडाची मर्यादा दहा हजार होती. ती पाचपट झाली आणि सामुदायिक सेवा ही शिक्षा नवी आली. कारावासाची मर्यादा मात्र तीच, तीन वर्षे.

मघाचाच धुरा घेऊ. मनाईहुकूम झाला, तरी एके सकाळी शब्दाने शब्द वाढला, काठी चालली, एकाच्या हाताचे हाड मोडले. हाड मोडले की दुखापत कायद्याने ‘गंभीर’ होते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. खटला मात्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढेच चालतो. सात वर्षांचा गुन्हा, तीन वर्षांचा हात. पुरावा ऐकून त्याला वाटले की तीन वर्षे अपुरी आहेत, तर त्याने आपले मत लिहून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे, ज्याची मर्यादा सात वर्षांची. प्रत्यक्षात असे पाठवणे विरळाच.

आणि पाहा, धुऱ्याचा दावा आणि मारहाणीचा खटला कदाचित एकाच न्यायाधीशापुढे, एकाच दालनात, एकाच आठवड्यात. दिवाणी बाजूला त्याने पाहायचे की कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय. फौजदारी बाजूला पाहायचे की वाजवी शंका उरते का. सकाळी ज्या साक्षीदाराच्या बोलण्यावर त्याने ताबा मान्य केला, दुपारी त्याच साक्षीदाराच्या बोलण्यावर कोणाला तुरुंगात धाडायला तो नकार देऊ शकतो, आणि दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. गावात परतल्यावर हे समजावून सांगणे कठीण. ‘साहेबांनी त्याला तिथे खरे मानले आणि इथे खोटे’ असेच म्हणतात. त्याने खोटे मानलेले नसते. मापच वेगळे असते.

शिक्षेची ओळ लोकांच्या नजरेत भरते, पण या खुर्चीची खरी ताकद शिक्षेत नाही, कोठडीच्या अर्जात आहे. अटकेपासून चोवीस तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, हा संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाचा हुकूम. पोलीस कागद पुढे ठेवतात, पोलीस कोठडी मागतात. दंडाधिकाऱ्याने आरोपीकडे पाहून विचारायचे : काही तक्रार आहे का? मारले का? या प्रश्नाला पाच सेकंदही लागत नाहीत. तो मान वर करून, पोलिसाला दोन पावले मागे सरायला लावून विचारला जातो, की कागदावर सही करता करता, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. खून, बलात्कार यांसारखे सत्र न्यायालयाचे गुन्हे तो चालवू शकत नाही, ते त्याने वर सोपवायचे. पण त्या गुन्ह्यांतलाही आरोपी बहुधा पहिल्यांदा उभा राहतो तो याच्याचपुढे. नव्या संहितेच्या १८७ व्या कलमाने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस एकदम न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागण्याची मुभा दिली आहे. म्हणजे हा प्रश्न आता त्याच आरोपीला पुन्हा पुन्हा विचारावा लागणार.

तीन गोष्टी घाईने. धनादेश न वटल्याचे खटले याच खुर्चीपुढे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचे अर्ज आणि पोटगीही याच खुर्चीपुढे. घटस्फोटाचा अर्ज मात्र कनिष्ठ स्तराकडे चालत नाही, तो वरिष्ठ स्तराकडे. त्यामुळे एका जोडप्याचा एक पाय कुहीत आणि दुसरा दुसऱ्या गावच्या न्यायालयात अडकतो.

ओळ सहावी. जिल्हा न्यायालये आणि त्यांखालील न्यायालये यांवरचे नियंत्रण, बदली, बढती आणि रजा यांसह, उच्च न्यायालयाकडे राहील. (संविधान, अनुच्छेद २३५)

ओळ छोटी, पण चौथ्या ओळीइतकीच मोलाची. पहिल्या दोन ओळींत सगळीकडे शासन होते : न्यायालये किती, कुठे, कोणत्या हद्दीची. ही ओळ शासनाचा हात न्यायाधीशाच्या खांद्यावरून काढून घेते. नेमणूक राज्यपालांच्या नावाने, निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून, पण एकदा खुर्चीवर बसला की त्याची बदली मंत्री करू शकत नाही. १ एप्रिल १९७४ पूर्वी देशाच्या बऱ्याच भागांत दंडाधिकारी हा महसूल खात्याचा माणूस असे. ज्या हाताने पोलिसांवर देखरेख करायची त्याच हाताने पोलिसांनी आणलेल्या आरोपीचा न्याय करायचा. ते वेगळे करणे ही या देशातली शांतपणे झालेली मोठी सुधारणा आहे.

मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अमरावतीत वाढलेल्या आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेल्या न्यायमूर्तींच्या काळात हे झाले, याचा मला आनंद आहे. निशाणी पाचवर दुसऱ्या बाजूने उभे राहून घाम गाळलेला माणूस त्या अर्जावर वेगळ्या काळजीने हुकूम लिहितो.

पण बदलीचा एक परिणाम सांगितलाच पाहिजे. साधारण तीन वर्षांनी न्यायाधीश जातो. दिवाणी दाव्यात त्याने नोंदवलेली साक्ष नव्याने आलेला वापरू शकतो. साक्षीदाराचा चेहरा, अडखळणे, उत्तराआधीचा थांबा पाहिलेला माणूस एक, आणि निकाल लिहिणारा दुसरा. उरतो तो कागद.

ओळ सातवी. जिल्ह्यातल्या दुय्यम दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांवर अपील जिल्हा न्यायालयाकडे होईल. (कलम ८)

अपील म्हणजे मुळात कागदाचा प्रवास. कुहीहून बांधलेला गठ्ठा नागपूरच्या न्यायमंदिरात जातो : दावा, कैफियत, मुद्दे, साक्षी, निशाण्या, रोजनामा, निकाल. माणसे त्यात नाहीत. पुढे दुसरे अपील नागपूर खंडपीठाकडे, आणि तेही दिवाणी संहितेच्या १०० व्या कलमाप्रमाणे फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. म्हणजे विहीर होती की नव्हती, धुरा कुठे होता, सही कोणाची, हे प्रश्न दोनदाच विचारता येतात, आणि माणसाला समोर उभे करून एकदाच. ती एक वेळ कुहीतली.

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने या न्यायालयांची भाषा मराठी झाली, म्हणून साक्ष मराठीत टिपली जाते. पण कोणत्या मराठीत? साक्षीदार म्हणतो, ‘धुऱ्यावरचा पळस त्यानं तोडला.’ न्यायाधीश दुसऱ्या मुलखातून आलेला असतो, लघुलेखकाच्या बोटांना ‘बांध’ हा शब्द सवयीचा असतो. कागदावर उतरते : ‘सामाईक बांधावरील झाड प्रतिवादीने तोडले.’ आपल्याकडचा धुरा म्हणजे नुसता मातीचा उंचवटा नव्हे. त्याला रुंदी असते, त्यावर झुडपे वाढतात, बाया गवत कापतात, काही ठिकाणी बंडीही जाते. तो पूर्ण कोणाचा, अर्धा कोणाचा, हाच तर दावा होता. आणि साक्षीदाराने न उच्चारलेला ‘सामाईक’ हा शब्द त्या वाक्यात शिरून बसला. मग साक्ष वाचून दाखवतात. साक्षीदार ऐकतो. बरोबर आहे, असे म्हणतो, कारण पळस तोडला हे बरोबरच आहे. खाली सही करतो, किंवा अंगठा. शाई ओली असतानाच शिपाई पुढच्या प्रकरणाचा पुकारा करतो.